ताईंची टाच

आमच्या समुपदेशन केंद्रात दोन खोल्या आहेत. एकीत ताई ऐकतात, दुसरीत मी बोलतो. ताईंकडून माणसं रडून हलकी होऊन निघतात. माझ्याकडून सल्ल्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन.

ताई केंद्रात सर्वांत जुन्या. चष्मा कायम कपाळावर. घरी म्हणे भांडी कशी लावावीत यावर सुनेला तासभर ऐकवतात. पण समोर दुखावलेला माणूस बसला की बाई थांबतात. "माणसाला बळेच बरं करणं हीसुद्धा मारहाणच," असं त्यांचं मत. या वाक्यावरून मी अहिंसेवर एक लांबलचक व्याख्यानही ठोकलं होतं.

मग माझ्याकडे तो बसचालक आला. तरुण मुलगा आजारात गेल्यापासून त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बायकोनं ओढून आणलेला. एकदाचे त्याचे डोळे भरले, आणि मी चपळाईनं टिश्यूचा डबा त्याच्या नाकाखाली सरकवला. त्यानं डोळे कोरडे केले, "सॉरी साहेब" म्हणाला आणि पुन्हा कुलूप. जाताना म्हणाला, "आता एकदाच येईन. बायकोला शब्द दिलाय."

मी ताईंना सांगितलं.

"अरे गाढवा, माणूस रडायला लागला आणि तू त्याला आवर म्हणालास?"

"मी मदत केली!"

"कुणाला? तुलाच बघवेना."

पुढच्या भेटीला, त्याला विचारून, ताई माझ्या शेजारी बसल्या. तो गप्प. ताई गप्प. माझ्या घशाशी शोकाच्या पायऱ्या, दीर्घ श्वास, सकाळचं फिरणं, सगळं रांगेत उभं. तोंड उघडणार, इतक्यात ताईंची टाच माझ्या अंगठ्यावर पडली. अहिंसेचा हा प्रकार माझ्या व्याख्यानात नव्हता. कळ मस्तकात गेली, पण निदान मी खोलीत तरी आलो. तोवर माझ्याच पुढच्या वाक्यात बसलो होतो.

मग मला तो दिसला. डोळे वाहत होते आणि डावा हात गुडघ्यावर गिअर टाकल्यासारखा हलत होता.

"साहेब, आज बरं नाही का तुम्हाला?"

"अंगठा दुखतोय," मी खरं ते सांगितलं.

तो किंचित हसला. हाताकडे पाहत राहिला.

"पोरगा लहान असताना गिअरवर माझ्या हातावर हात ठेवायचा. घामट असायचा. मी ओरडायचो, काढ म्हणून..."

आणि तो बोलतच राहिला. तास संपल्यावर उठला, दारापाशी थांबला.

"अजून पुष्कळ राहिलंय. गुरुवारी येऊ?"

"या," मी म्हणालो. त्यापुढची वाक्यं गिळताना मला ठसका लागला.