नाव लावा, नांदू नका

हाँगकाँग चीनला परत देण्याच्या करारावर १९८४च्या डिसेंबरात सह्या झाल्या. तो सोहळा आम्ही अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत काकूंच्या बेसमेंटमध्ये टीव्हीवर पाहिला. काकू आमच्या घरमालकीण. लांबलचक टेबल, झेंडे, जाडजूड पेनं. सह्या करणारे इतके गंभीर, की शहर जणू त्यांच्या वडिलांनी बांधलेलं.

एका गोष्टीवर मात्र ब्रिटन आणि चीनचं जमलं नव्हतं: तिथली माणसं कोणाची? म्हणून दोघांनी आपापलं वेगळं टिपण जोडलं. चीनचं म्हणणं, चिनी वंशाचे ते आमचे. ब्रिटनचं म्हणणं, पासपोर्ट आमचा वापरा, राहायला येऊ नका.

या दोन टिपणांच्या फटीत माझी वरच्या मजल्यावरची शेजारीण सापडली होती, सातव्या महिन्याचं पोट घेऊन. तिचे आजोबा रत्नागिरीहून हाँगकाँगला कारकून म्हणून गेले. आई आणि ती तिथेच जन्मल्या, पासपोर्ट ब्रिटिश. बाळंतपणाला आई यायची होती, आणि अमेरिकेचा व्हिसा देणाऱ्यानं आईला विचारलं होतं, परत कुठे जाणार?

काकूंनी स्वेटर विणता विणता ब्रिटनचं म्हणणं समजून घेतलं.

"म्हणजे नाव आमचं लावायचं, पण नांदायला यायचं नाही?"

"हो ना काकू," शेजारीण म्हणाली. "आणि दुसरे म्हणतात, आधी नाकडोळे दाखव."

हसून हसून तिला स्वतःलाच पोट धरावं लागलं.

व्हिसा मिळाला, तरी तिची धास्ती गेली नाही. फेब्रुवारीत आम्ही बॉस्टनच्या विमानतळावर उभे होतो. विमानातले सगळे बाहेर आले, आई नाही. शेजारीण बाकावर बसली. आता पासपोर्टावरून अडवलं असणार, म्हणाली.

मग दार उघडलं. आई लालबुंद चेहऱ्यानं ट्रॉली ढकलत आली. पासपोर्टाकडे कुणी नीट बघितलंही नव्हतं. अडले होते ते डिंकाचे लाडू.

"फोडून बघत होता मेला कस्टमवाला. विचारतो, कुठल्या देशाचे? म्हटलं, डिंक भारताचा, खोबरं मलेशियाचं, वळले हाँगकाँगला. कंटाळून म्हणाला, जा."

शेजारणीनं तिथेच डबा उघडला.

"अगं, बाळंत झाल्यावर खायचे असतात ते!"

"मी आत्ताच खाणार," ती म्हणाली. आईनं डबा ओढून घेईपर्यंत दोन लाडू गेले होते. एक माझ्या तोंडात होता.