कंसातली उंची

ड्रॉइंगच्या कागदावर कंसात लिहिलेलं माप केवळ माहितीसाठी असतं. त्यावरून कुणी काही बनवायचं नसतं. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी उभी हयात हा नियम नव्या मुलांना शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर याच नियमाने स्वतःच्या आईला अधांतरी लटकवलं.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "खाट अशी हवी की बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील. गादीसकट अठरा इंच." म्हणजे साधारण ४५० मिलिमीटर. आईचं मागणं एकच होतं, "वसंता, बाथरूमला मला माझी जाऊ दे. कुणी उचलायला नको."

मी रावपुऱ्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर कागद ताणून बसवला.

"खाट करताय की विश्वामित्री नदीवर पूल?" ही म्हणाली.

मी मान खाली घालून पेन्सिल चालवत राहिलो. (मापं देताना बोललं की बाण वाकडे होतात!) एक माप एकदाच द्यायचं. मापाच्या रेघा एकमेकींना छेदता कामा नयेत. बाणाचं टोक रेघेला नेमकं टेकलं पाहिजे. चौकटीसकट खाट ३००, त्यातली चौकट १५०, वर गादी १५०. बेरीज ४५०, ती अर्थातच कंसात.

माझा मेहुणा शरद, त्याचं मकरपुऱ्याला फर्निचरचं वर्कशॉप, बोलण्यात निम्मी गुजराती. तो कागद उलटसुलट करत म्हणाला, "दाजी, हे कंसात शुं लिहिलंय?"

"तिकडे बघायचंसुद्धा नाही! बाकीच्या मापांनी कर. एक मिलिमीटर इकडे-तिकडे झालेला चालणार नाही."

"बराबर. जेम कहो तेम."

खाट आली त्याच दिवशी आईही दवाखान्यातून आली. आम्ही तिला जपून वर बसवलं. तिचे पाय जमिनीपासून चांगले सहा इंच वर लोंबकळत राहिले.

"अरे, वर जायचंच आहे मला," आई गंभीरपणे म्हणाली, "पण इतकी घाई कशाला?"

मी पायाखाली पाट सरकवला. पाट फरशीवरून निघाला तो थेट कपाटापाशी थांबला! मी विटा आणायला निघालो, तेव्हा हिने माझ्या हातात फोन दिला.

"शरद, गादीसकट सहाशे भरतंय!"

"भरणारच ने! तीनशेचे पाय, वर दीडशेची चौकट, वर दीडशेची गादी."

"मग ते चारशे पन्नास?"

"ते तर कंसात होतं, दाजी! तुम्हीच म्हणालात, बघायचंसुद्धा नाही."

मी कागद उलगडला. तीनशेच्या बाणाचं टोक चौकटीच्या वरच्या कडेला टेकायला हवं होतं. ते खालच्या कडेला टेकलं होतं. (टेकलं मात्र होतं नेमकं! बाण म्हणून त्याला आजही कुणी नाव ठेवणार नाही.) सबंध कागदावर एकच आकडा खरा होता, आणि तो बघायला मीच बंदी घातली होती.

तेवढ्यात आईला बाथरूमला जायचं झालं. हिने आणि मी तिला दोन्ही बाजूंनी उचलून उतरवलं. तिने डोळे मिटून घेतले होते आणि पापण्यांच्या कडा ओल्या होत्या. मला फार लाज वाटली.

संध्याकाळी शरद करवत घेऊन आला. मी तातडीने कोरा कागद काढला.

"वसंता, तो ठेव खाली," आई म्हणाली. "शरद, तू ये. टेप माझ्या पायाला लाव."

तिला खुर्चीत बसवून शरदने टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. ४५०च निघालं! (हे मी सर्वांच्या लक्षात आणून दिलं. कुणी वर पाहिलं नाही.) मग खाट उलटी पाडून चारही पाय सहा-सहा इंच कापले.

आई पुन्हा बसली. तिने दोन्ही तळवे फरशीवर ठेवले, बोटं जरा हलवून बघितली, वॉकर धरला आणि उठली. एकेक पाऊल टाकत बाथरूमपाशी गेली आणि दार स्वतःच्या हाताने ओढून घेतलं. आम्ही तिघं बाहेर निकाल लागायचा असल्यासारखे उभे होतो.

आता आई घरभर हिंडते. पडद्यांचा रंग असो की दिवाळीला कुठे जायचं असो, ही तिलाच विचारते आणि वर रीत म्हणून म्हणते, "यांनाही विचारू का?"

"विचार की," आई म्हणते. "पण कंसात घे."

(मला हे मान्य नाही. केवळ माहितीसाठी.)