आत्याची फौज

निजामाचं राज्य गेल्यापासून मराठवाड्यात कुणाकडे स्वतःची फौज असेल तर ती फक्त आमच्या आत्याकडे आहे. ही फौज मुदखेडला, स्टेशनामागच्या दोन खोल्यांच्या घरात, तिच्या मोबाइलमध्ये राहते. तिच्यात तिरंदाज आहेत, गदा घेतलेले राक्षस आहेत, आग ओकणारे उडते प्राणी आहेत, आणि या सगळ्यांना आत्या 'लेकरं' म्हणते. "लेकरं तयार व्हायलीत, तेवढं झालं की चहा टाकते," असं ती म्हणाली की नव्या माणसाला वाटतं, घरात नातवंडं शाळेला निघाली असतील. तो बिचारा चपला कुठे दिसतात का ते बघतो. मी नांदेडला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि रविवारी सकाळच्या गाडीने आत्याकडे जातो. पण माझा चहा नेहमी त्या राक्षसांच्या तयारीनंतरच झालेला आहे.

हा खेळ तिच्याकडे वारशाने आला, फक्त वारसा उलटा, लेकीकडून आईकडे. माझी आतेबहीण लातूरला शिकवणीच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. तिने नवा फोन घेतला आणि जुना आईला दिला. त्यात तिने अर्ध्यावर सोडलेला हा खेळ तसाच राहिला होता. आत्याने भजन लावायला म्हणून बोट ठेवलं ते चुकून भलतीकडे पडलं, आणि समोर एक गाव उघडलं. भिंती पडलेल्या, तोफा बंद, खाणी भरून वाहताहेत आणि उपसणारं कुणी नाही. आत्याने तिथल्या तिथे लातूरला फोन लावला. "अगं, एवढं गाव वसवलंस आन् वाऱ्यावर सोडून दिलंस?"

"आई, खेळ आहे तो. कंटाळा आला, सोडला."

"गावाचा कुठं कंटाळा येतो का?" असं म्हणून आत्याने फोन ठेवला आणि कारभार हाती घेतला. आमचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, रेल्वेत होते. ते जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मामांचा डबा, मामांच्या पाळ्या, मामांचं पथ्य यांत तिचा जन्म गेला होता, आणि आता सकाळी आठलाच तिची सगळी कामं संपत होती. हे मी आज जोडून सांगतोय. त्या वेळी आम्ही सगळे फक्त हसलो होतो.

या खेळात एकट्यानं फार पुढे जाता येत नाही, गट लागतो. गट दुसऱ्या गटाशी लढाई करतो, आणि गटातल्या कुणाला शिपाई कमी पडले की तो मागतो आणि बाकीचे आपल्यातले देतात. आत्याने बरीच वर्षं महिला बचत गट चालवलेला. त्यामुळे गट या शब्दाला ती भिण्यातली नव्हती. तिने स्वतःचा गट काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'मुदखेड जंक्शन'. "जंक्शनात कुठलीबी गाडी येती," तिने मला समजावलं, "कुनाला न्हाई म्हनायचं न्हाई." आणि खरोखरच कुठली कुठली गाडी येऊन लागली. बिलोलीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आले, लातूरचा एक औषधदुकानदार आला, कंधारचे गाद्या-रजयांचे व्यापारी जब्बारभाई आले, शिवाय तेलुगूत लिहिणारी बरीच मंडळी आली. ती काय लिहितात ते आत्याला अजून कळलेलं नाही. "शिपाई मागत असतील, दुसरं काय," म्हणून ती देऊन टाकते.

लिहिणं तिला जमत नाही, ती फोनशी बोलते आणि फोन लिहून घेतो. पण या फोनचं शिक्षण पुण्याकडे झालं असावं. आत्या 'हो'ला 'हाव' म्हणते, फोन 'हवा' लिहितो. एकदा जब्बारभाईंनी तिला शिपाई पाठवले आणि विचारलं, मिळाले का. आत्या म्हणाली, हाव. तिकडे दिसलं, 'हवा'. जब्बारभाईंनी आणखी पाठवले. आता पुरे झाले का? हाव. तो सज्जन माणूस आपलं गाव उघडं पाडून रिकामा होईपर्यंत पाठवत राहिला आणि शेवटी त्याने लिहिलं, "आपा, अब मेरे पास खाली मैं बचा." तेव्हापासून ते तिला आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणू लागले. तिने मागावं आणि त्यांनी सगळ्यांच्या आधी द्यावं, असा शिरस्ताच पडला.

गटाचे नियम कडक होते. एकादशीला हल्ला करायचा नाही, समोरच्याने केला तर मात्र सोडायचा नाही. लढाईत कुणी गैरहजर राहिलं तर कारण द्यायचं. मयत, परीक्षा आणि गेलेली लाइट ही कारणं चालत, 'विसरलो' चालत नसे. ती स्वतः कधीच विसरली नाही. बिलोलीला आमच्या नात्यातलं लग्न होतं, मंगलाष्टकं चालू होती आणि लढाईची वेळ संपत आली होती. आत्याच्या डाव्या हातात अक्षता, उजव्या हातात फोन. भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि त्याच क्षणी तिने समोरच्या गटाच्या तटबंदीला भगदाड पाडलं. अक्षता नवरा-नवरीवर न पडता फोनवर पडल्या. पंगतीत बिलोलीचे मुख्याध्यापक मुद्दाम भेटायला आले. 'मुदखेड जंक्शन'चा प्रमुख म्हणजे कुणी मिशीवाला रेल्वे अधिकारी असेल अशी त्यांची समजूत होती. त्यांनी आत्याच्या नऊवारीकडे पाहिलं, आणि पुढचा सगळा वेळ ते उभ्यानेच बोलले.

पण आत्याचा खरा विषय लढाई नव्हता. कोण गेलं आणि का गेलं, हा होता. खेळ म्हटला की माणसं येणार, जाणार. इतर प्रमुख गेलेल्याच्या जागी नवा घेतात. आत्या चौकशी लावायची. "मानूस बिनकारनी जात न्हाई," हे तिचं मत. मुख्याध्यापक एकदा रुसून गेले. तिने तासभर खोदून कारण काढलं. त्यांच्याच एका माजी विद्यार्थ्याला तिने उपप्रमुख केलं होतं आणि सरांच्या मनाला ते लागलं होतं. आत्याने त्यांना 'सल्लागार' केलं. असं पदच त्या खेळात नाही, पण सर परत आले आणि सल्ले देऊ लागले. औषधदुकानदाराची तऱ्हा निराळी. तो दर महिन्याला खेळ सोडायचा. सोडताना असा निरोप लिहायचा की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. या गटाने मला काय दिलं, मी कुठे कमी पडलो, कुणाचं मन दुखावलं असेल तर माफी. बाकीचे हळहळायचे, थांबा म्हणायचे. आत्या भाजी निवडत निवडत ते ऐकायची. "येतोय चार दिसात," ती म्हणायची. "जानारा एवढं बोलत न्हाई."

तिचं हे म्हणणं मागल्या उन्हाळ्यात खरं ठरलं. जब्बारभाई दिसेनासे झाले.

ते गटातून बाहेर पडले नव्हते, त्यांचं नाव यादीत होतं, गाव जागेवर होतं. ते येत मात्र नव्हते. आत्याने निरोप टाकले, उत्तर नाही. रमजान आहे, उपासात नसतील खेळत, म्हणून ती थांबली. ईद झाली, तिने शुभेच्छा टाकल्या, उत्तर नाही. इकडे गट लढाया हरू लागला, कारण त्यांच्या वाटचे हल्ले वाया जात होते. बाकीचे कुरकुरायला लागले. औषधदुकानदाराने लिहिलं, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे, त्यांना काढा, नाहीतर आम्ही चांगले खेळणारे दुसरा गट बघतो. या वेळी त्याचा निरोप एकाच ओळीचा होता, म्हणून आत्या घाबरली.

त्या रविवारी मी गेलो तेव्हा ती जायची तयारी करून बसली होती. पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता.

"कंधारला जायचंय," ती म्हणाली. "जब्बारभाईंना काई झालं असंल तर?"

"आत्या, खेळातली ओळख आहे ती. तू त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाहीस."

"म्हनूनच जायचं," ती म्हणाली, आणि पिशवी माझ्या हातात दिली.

नांदेडला उतरून आम्ही कंधारची एसटी धरली. वाटेत तिने मनातल्या मनात त्या माणसाला एव्हाना दवाखान्यात नेऊन ठेवलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. कंधारच्या स्टँडवर जब्बारभाई गादीवाले म्हणून विचारलं तर एका चहावाल्याने पुढच्या गल्लीकडे हात केला. दुकानात कापसाच्या ढिगाशेजारी पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ अगदी धडधाकट बसून एका गिऱ्हाइकाला उशीचा कापूस दाबून दाखवत होते. आत्याने गिऱ्हाईक जाईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, "मी मुदखेड जंक्शन."

जब्बारभाई उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी त्यांनी काढली, झटकली आणि परत घातली. "आपा, तुमी? इत्ते दूर?"

"तब्येत बरी हाय ना?"

"अल्लाचं करम."

"घरी समदे बरे?"

"हौ."

एवढं ऐकल्यावर आत्याची काळजी संपली आणि राग सुरू झाला. "मंग काय करून राहिलात तुमी? माझा जीव टांगनीला लागला. कुनी काई बोललं का गटात? त्या लातूरवाल्यानं?"

"कोई कुछ नै बोला आपा." त्यांनी आम्हाला गादीवर बसवलं, पाणी मागवलं. मग बराच वेळ ते बोटांनी कापसाचा एक पुंजका पिंजत राहिले. "कसं सांगू? पहिले मजा यायची. मंग झालं असं की, सकाळी उठलो की शिपाई बनवा, दुपारी कुनाला द्या, संध्याकाळी हल्ला. दुकान बी नोकरी, खेळ बी नोकरी. रमजानमध्ये फोन बाजूला ठेवला, तर असं वाटलं की पाठीवरचं पोतं उतरलं. ईद झाली, उघडायला गेलो, मन नै झालं."

"मंग सांगायचं न्हाई का?"

"तुमाला कसं सांगनार? तुमी मागितलं तर माझ्यानं नै म्हनवत नै. म्हनून उघडलंच नाई."

"आन् गटातनं बाहेर पडायचं."

"बाहेर पडलो की सगळ्यांना दिसतं, जब्बार गया बोलके. बुरा लगता आपा." त्यांनी खाली पाहिलं. "तुमीच काढा मला."

आत्याला आजार ऐकायचा होता, भांडण ऐकायचं होतं, घरातली एखादी अडचण ऐकायची होती. या सगळ्यांवर तिच्याकडे उपाय होते, सल्लागारपदापर्यंत. पण रोज कुणीतरी आपल्याकडे काहीतरी मागतं, याचा माणसाला कंटाळा येतो, हे तिच्या हिशेबात कुठे बसेना. ती स्वतः नेमकं कुणी मागावं म्हणूनच रोज तो खेळ उघडत होती. मी मध्ये बसलो होतो आणि मला दोघांचंही पटत होतं. ग्रंथपालाचा हा एक मोठा दोष असतो.

तिने पिशवीतून फोन काढला. यादीत त्यांचं नाव शोधलं आणि मग फोन तसाच धरून बसली. "दाबा आपा," जब्बारभाई हलक्या आवाजात म्हणाले. तिने दाबलं. नाव गेलं. जब्बारभाईंचा चेहरा मोकळा झाला, आणि थोडासा पडलाही.

मग त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. घर दुकानाच्या मागेच होतं. त्यांच्या बायकोने आत्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्या म्हणाल्या, "अच्छा, तुमी होय त्या. ह्यांची भाकर थंडी व्हायची, हे म्हनायचे, ठैरो, आपाकू फौज भेजनी है. मला वाटायचं कुठं सरहद्दीवर चालली लढाई." आत्या त्या दिवसात पहिल्यांदा हसली. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि चटणीवरून बोलत बसल्या. जब्बारभाई आणि मी बाहेर. जरा वेळाने आत्या आली, त्यांच्या समोर बसली. पाऊस कधी येईल यावर बोलणं झालं, कापसाच्या भावावर झालं. मग विषय संपले. इतकी वर्षं रोज बोलणारी ही दोन माणसं, पण लढाई सोडून दुसरं काही ती कधी बोललीच नव्हती. जब्बारभाईंनी शेवटी विचारलं, "त्या तेलुगूवाल्यांचा किल्ला कुठवर आला?" आत्याने लगेच सांगायला सुरुवात केली, आणि एसटीची वेळ होईपर्यंत ती सांगत राहिली. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं. सोडलेल्या गावाची खबर माणसं ऐकतात तसं.

परतीच्या वाटेवर लोहा गाव मागे पडल्यावर तिने मला विचारलं, "मी लई मागते का रे लोकांना?"

"नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "थोडं."

गट पुढे चांगला चालला, लढायाही जिंकल्या. औषधदुकानदार एक दिवस काहीही न लिहिता गेला आणि आलाच नाही. मुख्याध्यापकांना मोतीबिंदू झाला, तेही थांबले. आत्याने कुणाचीच चौकशी लावली नाही. आता कुणी गेलं की ती फोनला एवढंच सांगते, "बरं. जपून ऱ्हावा." यादीत आता सगळी अनोळखी नावं आहेत. मुदखेड कुठे आहे हे त्यांतल्या कुणाला माहीत नसावं, आणि हे जंक्शन कोण चालवतं हेही. ती आपली त्यांना शिपाई देत असते.

मागच्या रविवारी आम्ही दारातल्या कट्ट्यावर बसलो होतो. मी विचारलं, "आत्या, तू कधी सोडणार हा खेळ?"

"सोडीन की," ती म्हणाली. "मागनारं कुनी उरलं न्हाई म्हंजे."

बोलताना तिने फोन उचलून पाहिला. कुणी काही मागितलं नव्हतं. तिने तो पदराने पुसला, आवाज मोठा करून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला, आणि लातूरहून लेकीचा फोन परवा आला होता की त्याच्या आदल्या दिवशी, हे आठवत बसली.