भूगोलाच्या सरांची खाती

जगात जेवढी म्हणून काळजी आहे, तिच्यातली निम्मी आमच्या कर्जतच्या कॉलेजातले भूगोलाचे सर एकटे वाहत होते. बाकीच्या सगळ्या माणसांना उरलेल्या निम्म्यात भागवावं लागे. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवते. भूगोलाशी माझा संबंध शाळेतच सुटलेला. पण मुलांना ऑनलाइन नकाशे काढायला शिकवायचं ठरलं, त्या सॉफ्टवेअरची मोजकी खाती कॉलेजला मिळाली, ती सांभाळायचं काम सरांकडे आलं, आणि सर तडक माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, दुसरं कुणीतरी अ‍ॅडमिन पाहिजे. उद्या मला काही झालं तर पोरं लटकतील." सरांची तब्येत ठणठणीत होती. पण त्यांचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना, आणि त्या दिवसापासून माझीही झोप उडाली.

खातं म्हणजे त्यांच्या लेखी मूलच. सकाळी आल्याआल्या ते सगळ्या खात्यांवरून नजर फिरवत, आणि कुणी बरेच दिवस लॉगिन केलेलं दिसलं नाही की घरी फोन. "आजारी आहे का हो तो?" पलीकडून आई घाबरून म्हणे, "नाय वो सर, हितंच हाय. काय केलंन त्यानं?" पासवर्ड कुणाला सांगू नका, हे ते वर्गात इतक्या हळू आवाजात सांगत की मागच्या बाकांना ऐकूच जात नसे, आणि नेमकी मागचीच मुलं पासवर्ड विसरत. घरी निघालेले सर दहिवलीपासून स्कूटर वळवून परत येत, कुणाचं लॉगआउट करायचं राहिलं असेल म्हणून. कधीच राहिलेलं नसे, कारण निघण्यापूर्वी त्यांनी मलाही दोनदा बघायला लावलेलं असे.

एकदा सॉफ्टवेअरवाल्यांचा मेल आला, की वापरात नसलेली खाती बंद होतील. मुदत संपायच्या दिवशी एकच खातं लॉगिन व्हायचं उरलं, आणि त्या पोरीची खालापूरला हळद! सरांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही थेट मांडवात हजर. नवरीचे दोन्ही हात हळदीने माखलेले, म्हणून मोबाईल तिच्या आत्याच्या हातात दिला. बँजो जोरात चाललेला, म्हणून नवरी पासवर्ड ओरडून सांगायला लागली, आणि आत्या एकेक अक्षर त्याहून मोठ्याने म्हणायला लागली. मध्येच बँजो थांबला. "आगं बाई, ह्ये तर नवऱ्याचंच नाव हाय!" आत्याचा आवाज मांडवभर गेला. लोक हसून लोळले. सर मात्र पांढरे पडले. "सगळ्यांना कळला. आत्ताच्या आत्ता बदल गं." नवरी लाजत म्हणाली, "बदलून काय ठेवू सर? नवरा तर त्योच हाय." शेवटी काहीतरी वेगळं ठेवलं, तेव्हा कुठे सर जेवायला बसले.

हसण्यावारी नेता येत नव्हती अशीही त्यांची एक काळजी होती. भिवपुरीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ठाकरवाडीतल्या मुलीने आपल्या वाडीचा नकाशा काढला होता. कुठला झरा होळीपर्यंत टिकतो, कुठला आधीच आटतो, बायका पाण्याला कुठल्या वाटेने जातात, सगळं त्यात होतं. फार सुंदर नकाशा. मी म्हटलं, सगळ्यांना बघायला खुला करू या. सर एकदम गंभीर झाले. "मॅडम, पोरी पहाटे एकट्या कुठून जातात, हे बाहेरच्या माणसाला कशाला कळायला हवं?" तेव्हापासून नियम झाला, की मुलांचे नकाशे कॉलेजच्या खात्याशिवाय कुणालाच दिसणार नाहीत. मला तो पटला होता आणि आजही पटतो.

दर जूनमध्ये नव्या मुलांना जागा करून देण्यासाठी जुनी खाती काढावी लागत, आणि खात्याबरोबर त्यातले नकाशेही जात. सरांना ते सहन होईना. म्हणून ते प्रत्येक मुलाचे नकाशे आधी स्वतःच्या खात्यात घेत आणि त्या मुलाला फोन करून कळवत, "तुझा नकाशा माझ्याकडे आहे हां. काळजी करू नकोस." जगातल्या प्रत्येक संकटाचा आगाऊ विचार केलेल्या या माणसाच्या डोक्यात एवढंच आलं नाही, की आपण निवृत्त झालो की आपलंही खातं जाणार. निवृत्ती जवळ आली आणि प्राचार्यांनी ते बंद करायला सांगितलं, तेव्हा सर धापा टाकत माझ्याकडे आले. "मॅडम, माझ्याबरोबर सगळीच जातील हो!"

शेवटच्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत बसलो. सगळे नकाशे एकदम माझ्या नावावर करायची सोय होती, पण मध्येच काही हरवलं तर, म्हणून सरांनी ते एकेक करून, मुलाचं नाव घेत दिले. झऱ्यांच्या नकाशाच्या वेळी नेट गेलं. परत येईपर्यंत सर त्या मुलीचं नाव पुन्हापुन्हा घेत राहिले. नकाशा आला. मग मी त्यांचं खातं काढलं.

सर खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "नीट पोचलाय ना, बघू तरी," आणि ते झऱ्यांचा नकाशा स्वतःच्या मोबाईलवर उघडायला गेले. परवानगी नाही, असं आलं.

"खुला करते सर, एका मिनिटाचं काम आहे."

"नको नको. बाहेरच्या माणसाला दिसायला नको," ते घाईने म्हणाले आणि तसेच थांबले. आता बाहेरचा माणूस कोण, हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. मी म्हटलं, "माझ्या टेबलावर येऊन बघत जा. कधीही या."

"येईन की. पण आधी फोन करून येईन. तुमचं काम खोळंबायला नको."

अजून त्यांचा फोन आलेला नाही. मीच करावा असं रोज मनात येतं. पण कॉलेजातून माझा फोन गेला, तर खात्यांना काहीतरी झालं असं वाटून ते घाबरतील.