दहापैकी किती?

दाढ बधिर करायच्या औषधाची बाटली बाई आधी मुठीत घट्ट धरून ठेवायच्या. गार औषध जास्त झोंबतं म्हणे. मूठ तशीच ठेवून विचारायच्या, "बोला, दुखणं दहापैकी किती?"

तुम्हीही कधीतरी दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसला असाल. तिथं कोण विचारतं? 'आ करा' म्हणतात आणि टोचतात. आम्ही तेव्हा कांजूरमार्गला राहायचो, आणि ह्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आमच्याच गल्लीत होता.

माझं टाइल्सचं दुकान. डोक्यावर लाद्या वाहून उभं केलेलं. भाव नेहमी चढा सांगायचा, गिऱ्हाईक तो पाडणारच, हे अंगात मुरलेलं. पहिल्यांदा दाढ घेऊन गेलो तेव्हा दुखणं सहाच्या आसपास असेल. मी सवयीनं नऊ सांगितलं.

"बरं, नऊ," बाई म्हणाल्या. दुसरी सुई दिली आणि जीभ, ओठ, गाल सगळं बधिर होईपर्यंत शांत बसून राहिल्या.

"कमी नाही करायला सांगत?" मी विचारलं.

"दुखणं तुमचं, भाव तुमचा. मी कोण पाडणारी?"

आयुष्यात माझा पहिला भाव कोणी घासाघीस न करता मान्य केला असेल, तर ह्या बाईंनी.

एक चिमुरडी 'शंभर' म्हणाली, तर बाई गंभीरपणे "बापरे, शंभरवालं औषध काढते हं" म्हणत उठल्या. एक रिक्षावाला छाती काढून 'शून्य' म्हणाला, डोळ्यांतून पाणी गळत होतं. "शून्यवाल्यांनी घरी जायचं," बाई म्हणाल्या. "चार, मॅडम! चार धरा!" तो ओरडला. बाहेरच्या बाकावरचे आम्ही सगळे हसलो.

मग एकदा हिला, माझ्या बायकोला घेऊन गेलो. दाढ जरा ठणकते, एवढंच ती म्हणत होती. पण गाल सुजला होता आणि आवाज तोंडात घास असल्यासारखा येत होता. तोंड जेमतेम बोटभर उघडलं. बाईंनी हनुवटीखाली चाचपलं आणि विचारलं, "किती?"

हिनं माझ्याकडे पाहिलं. "दोन."

"तुम्ही बाहेर थांबा," बाई मला म्हणाल्या.

"का? माझी बायको आहे!"

"म्हणूनच."

बाहेर चार माणसं बसलेली. त्यांच्यादेखत मी बाहेर आलो. मधे पातळ लाकडी आडोसा होता, सगळं ऐकू यायचं. हिचा आवाज आला.

"नऊ."

"रात्री झोपता कशा?"

"बसूनच. आडवं झालं की श्वास कोंडतो. ह्यांना सांगू नका."

एका खोलीत झोपायचो आम्ही. एका पलंगावर.

बाई तरातरा बाहेर आल्या. "आत पू झालाय, इथली सुई लागू पडणार नाही. सूज गळ्याकडे उतरतेय, श्वास बंद होऊ शकतो. हॉस्पिटलात पूर्ण भूल द्यावी लागेल. आत्ताच्या आत्ता."

माझं डोकं सटकलं. "तिथं तुमचं कमिशन किती?"

"उद्या भांडा. आज रिक्षा बोलवा."

बाई आमच्याबरोबर रिक्षात बसल्या. हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं, तोंड उघडत नाही, नाकातून नळी घालू. नाहीच जमलं तर गळ्याला भोक पाडावं लागेल. मी सही केली.

"ही शुद्धीवर येईल ना?" मी बाईंना विचारलं. त्यांच्या अंगात दवाखान्याचा एप्रन तसाच होता.

"भूल देणारी माणसं झोपवतात कमी, राखण जास्त करतात. ती माणसं आत राखणीला बसलीयत. तुम्ही इथं बसा."

ही वाचली. डोळे उघडेपर्यंत बाई हलल्या नाहीत.

पण माझा राग गेला नाही, आजही नाही. चारचौघांत मला बाहेर का काढलं? मला नाही ते हिनं परक्या बाईला का सांगितलं? आम्ही मुलुंडला राहायला गेलो तसा मी दातांचा डॉक्टरही बदलला. तो काही विचारत नाही. दुखतं.

परवा कामासाठी कांजूरमार्गला गेलो होतो. बाईंच्या दवाखान्यातली खुर्ची दोन हमाल टेम्पोत चढवत होते. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, "मॅडम गेल्या ना. झोपेतच. दोन महिने होत आले."

तडक घरी आलो. ही मेथी निवडत बसली होती.

"अगं, त्या डॉक्टरीणबाई गेल्या!"

"माहीत आहे. मी जाऊन आले."

"कधी? कोणाबरोबर?"

"एकटीच. तेराव्याच्या आधी. त्यांच्या आईंना भेटले."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही तिथंही भांडला असतात."

मी तिच्यासमोर जाऊन बसलो. "काय केलंस तिथं जाऊन?"

"काही नाही. रडले. एवढी रडले की त्या म्हातारीनंच माझी समजूत काढली."

तिनं पुढची जुडी सोडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हिला एकदाही रडताना पाहिलेलं नाही. ही कशी रडते, मला ठाऊक नाही.