जेवायचं बोलावणं

मी मानसशास्त्र शिकवतो. त्यात कार्यस्मृती नावाचा धडा आहे. हातातलं काम उरकेपर्यंत जे डोक्यात धरून ठेवावं लागतं, ती ही स्मृती. तिथं जागा अगदी थोडी. मधेच नवं काही आलं, लक्ष तिकडं गेलं, की आधीचं निसटतं. हे मी झोपेतही सांगेन. कसला डोंबलाचा मास्तर मी!

यंदाच्या उन्हाळ्यात मुरुमला पुतणीचं लग्न होतं. जळकोटहून आत्या आल्या होत्या. कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांच्याच घरी जेवलो. आता त्यांना शुगर आहे. जेवणाआधी सुई घ्यावी लागते आणि घेतली की लगेच जेवावं लागतं. अक्षता पडल्या तेव्हा त्या वरच्या खोलीत पंख्याखाली बसल्या होत्या. मी म्हणालो, "आत्या, सुई घेऊन टाका. खाली जागा धरतो अन् लगेच बोलवायला येतो."

"ये मग. मी इथंच हाय."

आमच्याकडं मानाचं माणूस बोलावल्याशिवाय पंगतीला बसत नाही. आत्या तर मुळीच नाहीत. हे मला चांगलं ठाऊक होतं.

जिना उतरलो तर समोर आमच्या संस्थेचे अध्यक्ष. झालं! त्यांना फेटा बांधला, खास टेबलावर बसवलं आणि मी स्वतःच वाढायला लागलो. त्यांना ताक हवं होतं. ड्रायव्हरला जेवू घालायचं होतं. घरी बाईसाहेबांसाठी डबा न्यायचा होता. मी पळत होतो. मधेच ते म्हणाले, "सर, हल्ली पोरांच्या काही लक्षातच राहत नाही बघा." मला तेवढंच हवं होतं. वाढता वाढता कार्यस्मृतीवर असं काही बोललो, की सगळं टेबल कान देऊन ऐकायला लागलं. मी लई फुगलो होतो.

त्यांना गाडीत बसवून परत आलो, तर बायकोनं विचारलं, "अहो, आत्या जेवल्या का? दिसल्या न्हाईत कुठं."

मी धावत जिना चढलो.

आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. लुगडं घामानं भिजलेलं, हात थरथरत होते, बोलणं जड झालं होतं. शेजारी पुतणीचं रुखवत मांडलेलं होतं. ताटंच्या ताटं लाडू! त्यातल्या एकालाही त्यांनी हात लावला नव्हता. मागून आलेली बायको साखरपाणी आणायला पळाली. मी एक लाडू फोडून त्यांच्या तोंडात भरवला.

जरा तरतरी आल्यावर त्या म्हणाल्या, "रुखवताचा लाडू मोडलास व्हय रे? व्याही काय म्हणतील?"

तेवढ्यात भाऊ धापा टाकत आला. "काय झालं?"

"काय न्हाय रे," आत्या म्हणाल्या. "हा मघाच बोलवून गेला. मलाच भूक नव्हती."

मी मान खाली घालून उभा राहिलो आणि ते खोटं तसंच राहू दिलं. आजही आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

हा धडा आता माझ्याच्यानं नीट शिकवला जात नाही. जागा थोडी असते, हे पोरांना सांगतो. ते खरंही आहे. पण त्या दिवशी ताक, ड्रायव्हर, डबा, यातलं एकही मी विसरलो नव्हतो.