उचललेल्या खुराखालचे लाकूड

आलापल्लीच्या वन्यजीव प्रदर्शनाची जबाबदारी मी मागून घेतली, तेव्हा स्वतःला एकच अट घातली: शिकारीशी संबंध असलेली एकही वस्तू भिंतीवर येणार नाही. गावोगाव तारेचे फास काढून टाकायला लोकांना राजी करणे, हेच माझे काम होते. एका चुकीच्या चित्राने ते कोसळले असते.

संशय आला तो नेमका सर्वांत सुंदर चित्रांचा. सागाच्या फळीवर कोरून कागदावर छापलेली चितळे, नीलगाई, रानगवे. चित्रकार फौजेतून निवृत्त झालेले, आरमोरीकडचे. प्रत्येक प्राण्याचा पुढचा एक पाय अधांतरी आणि त्या खुराखाली काळा ठिपका. फासात सापडलेले जनावर पाय असाच धरते, हे मी पाहिले होते. ठिपका म्हणजे फासाची खुंटी, हा माझा निष्कर्ष. इतके सातत्य कल्पनेतून येत नाही.

मी त्यांचे घर गाठले. अंगणात त्यांच्या पत्नी मोहफुले वाळवत होत्या.

"भाऊ, फासातलं जनावर तुम्ही कुठे पाहिलंत?"

"फास? नाई जी."

"घ्या! चोर पकडाले आल्या म्याडम," पत्नी हसल्या. "यायले कोंबडी कापनं जमत नाई अजून!"

हसण्याने पुरावा बदलत नाही. मी फळ्या पाहायला मागितल्या. चितळाच्या फळीवर सगळीकडे पटाशीचे चर. खुराखाली मात्र लाकूड जसेच्या तसे, गुळगुळीत. न कोरलेल्या जागेवर शाई बसते, म्हणून ठिपका काळा उमटत होता.

"इथे का कोरलं नाही?"

"लढाईत आमच्या समोर खेचर चाले," ते फळीकडेच पाहत म्हणाले. "एका जागी थांबलं. पाय वर, खाली ठेवेच ना. मी थांबलो. मांगचा जोडीदार चिडला, बाजूनं समोर गेला. सुरुंग होता." मग म्हणाले, "जनावर कोराले बसलो का तोच पाय येते. अन् त्याच्या खाली हत्यार लावाले हात होत नाई."

पत्नीचा मोहफुलांवर फिरणारा हात थांबला होता.

खुलासा सुसंगत होता. सुसंगत खुलासे शिकारीही देतात. घरामागचे रान पाहून येते, असे मी स्पष्ट सांगितले.

"पाहा ना. पाय पाहून ठेवजा."

पाणवठ्याची वाट, झुडपांचे बुंधे, जिथे जिथे तार लावतात तिथे पाहिले. काही नव्हते. परतून मी छापासोबत ती फळीही भिंतीसाठी मागितली.

"न्या. खिळा कुठीबी ठोका," ते खुराखालच्या जागेकडे बोट करत म्हणाले, "तिथं नाई."